फासा, छापखाना आणि क्रियापद



टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळांविषयी, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातल्या आरपीजींविषयी, एक समजूत फार लाडकी आहे. अमेरिकन खेळाडू खजिना लुटायला निघतो, जर्मन टिपणं ठेवतो, जपानी कादंबरी जगतो आणि स्वीडिश उदास होतो. ऐकायला गंमत वाटते, आणि निरीक्षण म्हणून त्यात थोडं तथ्यही आहे. माझा वाद आहे तो त्यामागे जोडल्या जाणाऱ्या कारणाशी. ‘त्यांचा स्वभावच तसा’ म्हटलं की पुढे शोधायचं काही उरत नाही. खेळाची शैली राष्ट्राच्या स्वभावापेक्षा, तो खेळ त्या देशात कोणत्या वाटेनं शिरला यावरून जास्त ठरते, असं मला मांडायचं आहे.

सुरुवात मुळापासून करू. 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला. त्यात भुयारातून आणलेल्या सोन्याच्या एका नाण्याला अनुभवाचा एक गुण मिळे. यात अनेकांना अमेरिकी भांडवलशाही दिसते. पण हा खेळ रचणारी मंडळी युद्धखेळांच्या पटावर वाढलेली होती. त्या पटाला मोजता येईल असंच यश लागतं, आणि त्याची वंशावळ प्रशियन लष्कराच्या ‘क्रीगश्पील’पर्यंत जाते. सर्वांत ‘अमेरिकी’ म्हणून दाखवली जाणारी हिशेबी वृत्ती अशी निम्मी जर्मन निघते. जर्मनीत मात्र 1984 मध्ये उलरिश कीझोव यांचा ‘दास श्वार्त्झे आउगे’ आला. तो काढला खेळणी आणि पटावरचे खेळ विकणाऱ्या श्मिट श्पीले या कंपनीनं, एका पुस्तक-प्रकाशकाला जोडीला घेऊन. घराघरांत माहीत असलेल्या नावाचा तो डबा हजारो मुलांच्या हाती पडला. सगळ्यांचं कल्पित जग एकच, अॅव्हेंटुरिया. मग त्या जगाचा इतिहास प्रकाशकानं वर्षानुवर्षं पुढे सरकवला आणि त्याच्या बातम्या देणारं नियतकालिकही चालवलं. अशा जगात खेळणारा टिपणं ठेवणारच. त्यासाठी जर्मन रक्त लागत नाही. स्वीडनमध्ये 1982 साली आलेला ‘द्राकार ओक देमोनेर’ तर कॅलिफोर्नियातल्या केऑसियम कंपनीच्या नियमांवर उभा होता. त्या नियमांत पात्रानं चढायच्या पायऱ्या (‘लेव्हल’) नव्हत्या, कौशल्यांचे टक्के होते. एक पिढी पायऱ्या न चढताच खेळायला शिकली.

सगळ्यात बोलकं उदाहरण जपानचं. 1986 मध्ये ‘कॉम्प्टीक’ या कॉम्प्युटर खेळांच्या मासिकात ‘लोडोस’ची मालिका सुरू झाली. डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळताना टेबलावर झालेलं बोलणं नाटकाच्या संहितेसारखं संवादांत छापलेलं, असा तो प्रकार. तिथे त्याला ‘रिप्ले’ म्हणतात. त्यातून र्‍यो मिझुनो यांच्या कादंबऱ्या आल्या, पुढे अॅनिमे. 1989 मध्ये ग्रुप एसएनई या खेळ रचणाऱ्या गटाचा ‘सोर्ड वर्ल्ड’ हा खेळ निघाला तो खिशात मावणाऱ्या ‘बुन्को’ आकारात, पुस्तकाच्या दुकानात, आणि फासे कोणते, तर घरोघरी सापडणारे साधे सहा बाजूंचे दोन. वीस बाजूंच्या फाशासाठी वणवण नको. आता विचारा, जपानी माणूस कथाप्रिय म्हणून खेळ कथेसारखा झाला, की खेळ त्याच्यापर्यंत पोचलाच कथा म्हणून? मला दुसरं उत्तर पटतं, आणि पुरावा पुढच्याच पिढीनं दिला. 1981 चा अमेरिकी भयखेळ ‘कॉल ऑफ क्थुलू’ जपानी भाषेत कधीचाच आलेला होता, पण त्याची लाट उसळली ती निकोनिको या संकेतस्थळावर त्याचे रिप्ले व्हिडिओ येऊ लागल्यावर. राष्ट्राचा स्वभाव एवढ्यात बदलत नसतो. बदललं ते माध्यम.

यावर कोणी विचारेल, मग रिप्ले अमेरिकेत का रुजले नाहीत? रुजले की, फक्त उशिरा. 2015 मध्ये ‘क्रिटिकल रोल’चं थेट प्रक्षेपण सुरू झालं. व्यावसायिक आवाज-कलाकार खेळताना लोक तासन्‌तास पाहू लागले, आणि पात्राचा भूतकाळ, त्याची आसवं, त्याचा घोगरा आवाज हे सगळं तिकडच्या टेबलांवरही आलं. जे ‘जपानी’ म्हणून मिरवलं जात होतं, ते कॅमेरा मिळताच अमेरिकी झालं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 1986 च्या ब्रिटिश ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’मध्ये नायक म्हणून तुमच्या वाट्याला उंदीर पकडणाऱ्याचा धंदा येऊ शकतो, सोबत एक छोटा पण खुनशी कुत्रा. हा काळा विनोद ब्रिटिश नाही असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? तो आहेच ब्रिटिश. पण त्याच बेटावरची ‘फायटिंग फँटसी’ ही खेळपुस्तकांची मालिका 1982 पासून शाळकरी मुलांना सरळ शूर वीर बनवत होती. शिवाय वॉरहॅमरच्या कल्पित जगातलं कुजकं साम्राज्य बेतलेलं आहे जुन्या जर्मन साम्राज्यावर! स्वभावानं विनोदाची चव दिली असेल, पण ती एका घरात शिजली, सगळ्या देशाच्या चुलीवर नाही.

मग संस्कृतीला काहीच जागा नाही का? आहे, आणि ती मला भाषेच्या व्याकरणात दिसते. इंग्रजीत ‘मी दार उघडतो’ म्हणणारा स्त्रीपात्र खेळतोय की पुरुषपात्र, हे त्याच्या वाक्यावरून कळत नाही. जपानीत ‘बोकू’, ‘ओरे’, ‘वाताशी’ यांतला कोणता ‘मी’ निवडला, त्यावरून पात्र अर्धं उभं राहतं. मराठीत क्रियापदच सोंग उघडं पाडतं. राणीचं पात्र घेतलेल्या मुलाला ‘मी दार उघडते’ म्हणावंच लागेल, नाहीतर सोंग पहिल्याच वाक्यात गळून पडेल. स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांना डोक्यावर घेतलेल्या भाषेला यात संकोच वाटायचं कारण नाही, पण चौघा मित्रांच्या टेबलावर तो वाटतो, आणि पुष्कळजण चटकन इंग्रजीत जातात. खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरची अडचण वेगळीच. ‘तुम्ही गुहेत शिरता’ असं तो म्हणाला तर आत गेलं कोण? सगळी टोळी, की ज्याला मान द्यायचा तो एकटा राजा? मराठीत नियमपुस्तक लिहायला बसलेल्या आपल्यापैकी कोणालाही फाशांच्या आधी हे ठरवावं लागेल की त्याच्या टेबलावर राजा ‘आपण’ आहे, ‘तुम्ही’ आहे, की शेजारच्या खुर्चीवर भेळ खात बसलेला ‘तू’.