पॉइंट नंतर, तारीख आधी



सिबिल म्हणजे काय आणि 300 ते 900 मधला तो आकडा कशाने घसरतो, हे इथे कुणाला सांगायला नको. हप्ते थकून ज्यांचा आकडा पडला आणि मुदत ठेवीवर घेतलेले कार्ड नेमाने भरून ज्यांनी तो पुन्हा वर आणला, त्यांच्यासाठी आजचे बोलणे आहे. आकडा सावरला की फोन सुरू होतात. कुणी कॅशबॅक देतो, कुणी पॉइंट, कुणी पेट्रोलवर सूट. रोजच्या खर्चाला यातले कोणते कार्ड घ्यावे? माझ्या मते पॉइंट किती मिळतात हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की, बिलाची शेवटची तारीख आपल्या पगारानंतर येते का?

भनपुरी, उरला, सिलतरा या पट्ट्यात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. 1936 च्या वेतन अदायगी कायद्याने हजाराहून कमी कामगारांच्या कारखान्यात मासिक पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत देणे बंधनकारक केले. म्हणजे घरात पैसा येतो तो 7 च्या सुमारास. बिलाची शेवटची तारीख 2 किंवा 3 असेल, तर माणूस कितीही प्रामाणिक असो, दर महिन्याला नेमके हात रिकामे असतानाच बिल समोर येणार. तीच तारीख 12 असती तर हाच माणूस, याच पगारात, एकदाही चुकला नसता. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बिलाचे चक्र किमान एकदा बदलून मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. कार्ड हातात पडताच तो वापरावा.

आता चिठ्ठी आली आहे: ‘ठेकेदाराकडे पगारच तारखेला होत नाही, त्याचे काय?’ (हशा) हसण्यावारी नेऊ नका, हा आजचा सर्वांत खरा आक्षेप आहे. अशा घराने गेल्या वर्षातला सर्वांत उशिराचा पगार धरून तारीख ठरवावी आणि कार्डावर तेवढेच खर्चावे, जेवढे पगार न होताही बचत खात्यातून भरता येईल. तेवढी बचत नसेल तर कार्ड घेणे लांबवावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने शेवटची तारीख उलटून तीन दिवसांहून अधिक झाल्याशिवाय बँकेला दंड लावता येत नाही, की थकबाकी म्हणून सिबिलला कळवता येत नाही. पण हे तीन दिवस अडीअडचणीसाठी आहेत, हिशेबात धरायचे नाहीत.

‘पॉइंट सोडायचे कशाला?’ असेही कुणी म्हणेल. सोडू नका, पण आकडे मांडून पाहा. महिन्याला 20,000 रुपये कार्डावर गेले आणि एक टक्का परत आला, तर 200 रुपये मिळाले. एका महिन्यात फक्त किमान रक्कम, म्हणजे 5 टक्के धरून 1,000 भरले. उरलेल्या 19,000 वर महिना साडेतीन टक्क्यांनी 665 रुपये व्याज आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून सुमारे 785. जवळजवळ चार महिन्यांचे पॉइंट एका चुकीत गेले. प्रत्यक्षात याहून जास्त जातात, कारण बाकी राहिली की खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. म्हणून ऑटोपे लावताना ‘किमान देय’ नव्हे, ‘एकूण देय’ निवडा.

तारीख जुळली की मग सवलत पाहावी, तीही आपल्या गल्लीतली. विमानतळावरचा लाउंज भनपुरीच्या किराण्याला कामाचा नाही. इथे दुकानात स्वाइप मशीन क्वचितच दिसेल, क्यूआर मात्र सगळीकडे आहे. 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते, म्हणून मी तेच सुचवतो. फक्त दुकानदाराचा क्यूआर व्यापारी खात्याचा हवा. वैयक्तिक खात्याच्या क्यूआरवर क्रेडिट कार्ड चालत नाही. शिवाय यूपीआयवर, भाड्यावर, इंधनावर पॉइंट मिळतात की वगळले आहेत, हे अटींत वाचून घ्या. मोबाइलवरून इतके सहज पैसे गेले तर खर्च हाताबाहेर जाईल, ही भीती रास्त आहे. त्यावर उपाय म्हणून ॲपमध्ये यूपीआयची मर्यादा स्वतःच कमी करून ठेवता येते.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा जुन्या कार्डाचे एवढेच सांगतो. वार्षिक शुल्क नसेल तर ठेवीवरचे कार्ड चालू ठेवा, जुना इतिहास आकड्याला आधार देतो. शुल्क असेल आणि बंद करायचे असेल, तर आधी सगळी बाकी भरा, मग लेखी विनंती द्या आणि पोच घ्या. बाकी नसताना सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 500 रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे आहेत.