आमच्या घरातील जहाजाचे घड्याळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. चार माणसांपुढे बोलण्याचा हा पहिलाच प्रसंग, तेव्हा चुकले-माकले पदरात घ्यावे. 'घरातील छंद' या विषयावर दोन शब्द बोलायला मला सांगितले आहे. छंद माझा नव्हे, आमच्या ह्यांचा. त्या छंदाचा मी बारा वर्षे रागराग केला आणि आज त्याच्याच बाजूने बोलायला उभी आहे, याचे मलाच हसू येते.

आमचे हे भोसरीला एका वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. त्यांना नाद जहाजावरच्या जुन्या घड्याळांचा. आता मारुंजीला समुद्र कुठला? पण समुद्राची वाट आपल्या दारापर्यंत येते ती भंगारातून. मुंबईला दारूखान्यात आणि १९८३ पासून गुजरातेत भावनगरजवळ अलंगच्या किनाऱ्यावर किती तरी जहाजे मोडली गेली. आपली 'विक्रांत' युद्धनौका २०१४ साली दारूखान्यातच मोडायला घेतली. तिचे लोखंड आपल्या आकुर्डीच्या बजाज कंपनीने घेतले आणि ते वापरून २०१६ साली मोटारसायकल काढली, हे पुष्कळजणींना ठाऊक असेल. जहाजाचे लोखंड असे भट्टीत जाते. दिवे, होकायंत्रे, घड्याळे मात्र हातोहात मुंबईच्या चोरबाजारात येतात. सुट्टीच्या दिवशी हे तिकडे जायचे आणि पिशवीत पितळेचा एखादा जड गोळा घेऊन यायचे. एकदा तर थोरल्याच्या फीला ठेवलेले चार हजार रुपये त्यात गेले. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. पुढे ओव्हरटाइम करून ह्यांनी ते भरून काढले, पण माझ्या मनातली अढी गेली नाही.

फसगतही झाली. जुने म्हणून घेतलेले एक घड्याळ नव्या पितळेत ओतून तबकडीवर विलायती नाव रंगवलेले निघाले. तेव्हापासून हे आधी मागचे झाकण उघडायला लावतात, आतले यंत्र पाहतात, स्क्रू पाहतात, मगच पैशाचे बोलतात. एक गोष्ट आपणही ध्यानात ठेवावी. काही जुन्या घड्याळांचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून त्यांच्या रंगात रेडियम घालत. तो रंग खरवडू नये आणि अशी तबकडी मुलांच्या हाती देऊ नये.

जहाजावर एक घड्याळ वाट कळण्यासाठी असे. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. तेव्हा निघाल्या बंदरातली वेळ अचूक ठाऊक असली, तर माथ्यावरचा सूर्य पाहून आपण पूर्व-पश्चिम किती आलो ते समजते. बोटीच्या हेलकाव्यात बरोबर चालेल असे घड्याळ इंग्लंडमधल्या जॉन हॅरिसन नावाच्या सुताराच्या मुलाने केले, आणि १७६१ साली ते परीक्षेसाठी जमैकाच्या सफरीवर पाठवले. पुढे अशी घड्याळे पेटीत दुहेरी कड्यांवर टांगू लागले. बोट कशीही कलली तरी घड्याळ आडवे ते आडवेच. आपण डोक्यावर हंडा घेऊन चालतो, अंग हलते पण पाणी सांडत नाही, तसेच ते.

पण मला बोलायचे आहे ते दुसऱ्या घड्याळाविषयी. ते जहाजावरच्या बिनतारी संदेशाच्या खोलीत असे. त्याच्या तबकडीवर तांबडे दोन आणि हिरवे दोन असे पट्टे असतात, प्रत्येक तीन मिनिटांचा. १९१२ साली टायटॅनिक बुडाली तेव्हा जवळच कॅलिफोर्नियन नावाची बोट उभी होती. पण तिच्यावरचा संदेश ऐकणारा यंत्र बंद करून झोपला होता. दीड हजारांवर माणसे गेली. पुढे सगळ्या देशांनी मिळून नियम केले. तासातून दोनदा, पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला, तारेच्या कडकट्टवर संदेश पाठवणाऱ्या सर्व बोटींनी तीन मिनिटे गप्प राहायचे आणि फक्त ऐकायचे. तो तांबडा पट्टा. तोंडाने बोलायच्या यंत्रासाठी हिरवा पट्टा, तासाला आणि अर्ध्या तासाला. हेतू एवढाच, की दूरच्या बुडत्या बोटीची क्षीण हाक इतरांच्या गलबल्यात हरवू नये. १९९९ पासून उपग्रहाची व्यवस्था पूर्णपणे आली आणि ही घड्याळे भंगारात निघाली.

भगिनींनो, हे सगळे मला कळले ते आत्याबाईंमुळे. तीन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण आवाज कुजबुजीएवढाच उरला. एके संध्याकाळी घरात टीव्ही चालू, माझा मिक्सर चालू, मुलांच्या हाती मोबाइल. आत्याबाई पाण्यासाठी हाका मारीत होत्या. कुणाला ऐकूच आले नाही. शेवटी त्या एकट्या उठल्या, पडल्या, आणि खुब्याचे हाड मोडले. दवाखान्यात मला म्हणाल्या, "लई हाका मारल्या गं."

ते शब्द आजही माझ्या कानातून जात नाहीत.

त्यांना घरी आणल्यावर ह्यांनी ते घड्याळ त्यांच्या खाटेसमोर टांगले. रात्री आठ वाजता हिरवा पट्टा सुरू झाला की सगळे बंद करून तीन मिनिटे त्यांच्याजवळ बसायचे, असे ठरले. पहिले काही दिवस मुले चुळबुळत. मग आत्याबाई बोलू लागल्या. उशी बदला, बहिणीला एकदा आणा, असले साधे बोलणे. आणि एके रात्री म्हणाल्या, "वावर इकलं तवा मला कुनी इचारलं न्हाई. नुसता अंगठा घेतला." ह्यांची मान खाली गेली. पैसे आले, घर बांधले, आपल्या गावात हे घरोघरी झाले. पण ती हाक आमच्या घरात इतकी वर्षे कुणीच ऐकली नव्हती. ह्यांनी त्यांचे पाय धरले.

गेल्या माघात आत्याबाई गेल्या. घड्याळ तिथेच आहे. आठ दिवसांनी किल्ली द्यावी लागते, ती आता मी देते. आठ वाजता आम्ही अजून बसतो. एकदा हे म्हणाले, "तू कधीच काही सांगत नाहीस." दोन मिनिटे मला काही सुचले नाही. मग तोंडातून निघून गेले, की मला दहावीला बसायचे आहे. थोरल्याने १७ नंबरचा फॉर्म आणून दिला. गणिताची धास्ती आहे, पण बसणार आहे.

आपल्या मंडळात आम्ही दहाजणी मोठ्याने बोलतो आणि मागच्या सतरंजीवरच्या दहाजणी गप्प घरी जातात. दर सभेत तीन मिनिटे आपण पुढच्यांनी गप्प बसावे आणि त्यांना बोलू द्यावे, एवढी माझी सूचना आहे. तिचा विचार व्हावा, ही विनंती करून मी आपली रजा घेते.