पोवळे आणि जेलीफिश : एकाच संघातील दोन रूपे

(मुरुड येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



मुरुडच्या पुळणीवर भरतीबरोबर येऊन पडलेला जेलीफिशचा पारदर्शक गोळा आपण पाहिला असेल. अंगठीतले तांबडे पोवळेही आपल्या परिचयाचे आहे. एक लिबलिबीत, तर दुसरे दगडासारखे कठीण. तरीही प्राणिशास्त्र या दोघांना निडारिया या एकाच संघात बसविते.

याचे कारण शरीररचनेत आहे. दोघांच्याही देहाचे मुख्य थर दोन; अन्न घेण्यास व टाकाऊ भाग बाहेर टाकण्यास मुख एकच; आणि मुखाभोवतीच्या शुंडकांवर दंशपेशी. स्पर्श होताच दंशपेशीतून विषारी तंतू बाणासारखा सुटतो. ही पेशी म्हणजेच या संघाची खूण होय.

या संघात देहाची रूपे दोन. तळाला चिकटून, मुख वर करून राहणारा तो बहुशुंडक. छत्रीसारखा तरंगणारा तो छत्रिक. बहुतेक जेलीफिश बालपण चिमुकल्या बहुशुंडकाच्या रूपात काढतात. पुढे त्याच्या चकत्या सुटून छत्रिक तयार होतात. पोवळ्याची अळी मात्र एकदा तळाला चिकटली की बहुशुंडकच राहते व चुन्याचा सांगाडा रचते. म्हणून पोवळी व समुद्रफुले एका गटात आणि जेलीफिश दुसऱ्या गटात मोडतात. नावावरून मात्र फसगत होते. अग्निप्रवाळ हे खऱ्या पोवळ्यापेक्षा जेलीफिशला जवळचे. आणि पावसाळ्यात किनाऱ्याला लागणारी ‘ब्लू बॉटल’ ही खरा जेलीफिश नसून अनेक जीवांची वसाहत आहे.

हे ज्ञान केवळ पाठ्यपुस्तकापुरते नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली प्रवाळांचा समावेश झाला. मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी 2020 साली वरळी व हाजीअली येथील प्रवाळ वसाहती रीतसर परवानगीने अन्यत्र हलवाव्या लागल्या. ‘दगड’ समजून ज्याकडे दुर्लक्ष होते, तो कायद्याने संरक्षित प्राणी असू शकतो.

म्हणून धक्का वा धूपप्रतिबंधक बंधारा बांधण्याचा ठराव करण्यापूर्वी पंचायतींनी तेथील खडकांची तज्ज्ञांकडून पाहणी करवून घ्यावी. शिक्षकांनी ओहोटीच्या वेळी मुलांना खडकांवरील समुद्रफुले अवश्य दाखवावीत. मात्र पुळणीवर मरून पडलेल्या जेलीफिशलाही हात लावू देऊ नये. प्राणी मेला तरी त्याच्या दंशपेशी काही काळ दंश करू शकतात.