कचेरीचा संगणक, घरचा संगणक
(उत्सवातील भाषणाचा सारांश)



रिछाईतल्या भाच्याच्या छोट्या कंपनीसाठी स्वस्त पडतात म्हणून मीच घरगुती संगणक सुचवले. त्यातला एक नेमका २० तारखेला, जी.एस.टी. विवरणाच्या दिवशी बंद पडला. दुरुस्तीला १२ दिवस लागले. सगळा हिशेब त्यातच! विलंबशुल्क भाच्याने भरले, मान माझी खाली गेली.

रेल्वेत सिग्नलच्या रिलेच्या जागी आम्ही घरातला स्विच लावत नाही. जोडणे-तोडणे हेच दोघांचे काम. पण बिघाड झाला तर सिग्नल लाल व्हावा, अशी रिलेची घडण असते. थिंकपॅडसारख्या कचेरीच्या मालिकांचेही तसेच. किंमत जास्त, पण जागेवर येऊन दुरुस्तीची हमी घेता येते. त्यांत विंडोज प्रो घ्यावे. होम आवृत्ती कंपनीच्या डोमेनला जोडता येत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला, म्हणून अनेकजण नवी खरेदी करीत आहेत. त्यांना एवढेच सांगणे: बिलाआधी एक दिवस काम थांबल्याचे नुकसान कागदावर मांडा. आणि यंत्र कोणतेही घ्या, हिशेबाची प्रत वेगळी ठेवा.

गणपती बाप्पा मोरया!