ओट्यावरचे मांजर

गेल्या पौष महिन्यात माझ्या दिल्लीच्या घरी एक प्रकरण उभे राहिले. वीस वर्षे सरकारी नोकरीत काढलेल्या माणसाला 'प्रकरण' हा शब्द नवा नाही. टिपण लिहिले, वरिष्ठांची सही घेतली की ते मिटते. मिटले नाही तर निदान दुसऱ्या खात्याकडे तरी जाते. या प्रकरणाला मात्र दुसरे खाते नव्हते. वादी माझी आई, प्रतिवादी आमची मनी नावाची मांजर, आणि निवाडा करणारा मी. साक्षीदार एकच, माझी बारा वर्षांची मुलगी. आणि ती उघड उघड प्रतिवादीच्या बाजूची.

मनी आमच्याकडे आली ती श्रावणातल्या एका ओल्या संध्याकाळी. जिन्याखाली भिजत बसलेले ते पिल्लू मुलीने ओढणीत गुंडाळून वर आणले. पुढे दिवाळीनंतर, वडील गेल्यामुळे वाईचे घर बंद करून, आई आमच्याकडे राहावयास आली. आईला मांजराचे वावडे नाही. वाईच्या घरी एखादे मांजर नेहमीच असे. परंतु मांजराने स्वयंपाकाच्या ओट्यावर बसून फोडणीकडे पाहावे, हे तिच्या कल्पनेपलीकडचे होते. तरी दोन महिने ती काही बोलली नाही. मग एके सकाळी मनीने नैवेद्याच्या वाटीतले दूध चाटले आणि त्याच दिवशी दुपारी, नुकत्याच विझवलेल्या शेगडीवर पाय देऊन तो भाजून घेतला. भाजलेल्या पायाला थंड पाणी आईनेच लावले. पण रात्री जेवणे झाल्यावर ती मला म्हणाली, "अरे, एक महिना वाट बघते. नाही सुधारली, तर हिला कुठंतरी लांब सोडून ये. त्या ओट्यावरचं अन्न मी देवाला दाखवू तरी कशी?"

'सोडून ये' हे शब्द तिने सहज उच्चारले. माझ्या मनात ते सहज उतरले नाहीत. मी दहा वर्षांचा असताना आमच्या घरचे एक मांजर असेच सोडून देण्यात आले होते. वडिलांनी त्याला पोत्यात घातले, पोते सायकलच्या मागे बसलेल्या माझ्या मांडीवर दिले, आणि नदी ओलांडून आम्ही त्याला उसाच्या शेतापाशी मोकळे केले. चौथ्या दिवशी ते परत आले. तेव्हा वडिलांनी त्याला आणखी लांब नेले. या वेळी मी गेलो नाही. ते मांजर पुन्हा आले नाही. पुढे कित्येक रात्री मागच्या दाराशी काही वाजले की मी उठून बसत असे. माझे वडील निर्दय नव्हते; त्या काळी सर्वच घरांना माहीत असलेला हा उपाय होता. पण माझ्या मुलीच्या मांडीवर ते पोते द्यावयाचे नाही, एवढे मी त्या रात्री ठरवले.

प्रारंभ मी चुकीचा केला, हे प्रथमच सांगून टाकतो. मनी ओट्यावर दिसली की मी मोठ्याने ओरडू लागलो, टाळ्या वाजवू लागलो. शेवटी झाडांवर पाणी फवारण्याची बाटली हाती घेतली. आठ दिवसांत यश दिसू लागले. मी स्वयंपाकघरात असताना मनी ओट्याकडे वळूनही पाहीना. मी समाधानाने ही गोष्ट पत्नीला सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "अहो, तुम्ही कचेरीत गेलात की ती दिवसभर तिथंच असते. संध्याकाळी कुलपात तुमची किल्ली फिरली की खाली उडी मारते." निरीक्षणाला साहेब यावयाचे असले म्हणजे कार्यालये कशी लखलखीत होतात, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. मनीने ओट्याचा नियम शिकलाच नव्हता. तिने माझे वेळापत्रक पाठ केले होते. वाईट इतकेच की ती आता माझ्या मांडीवर येईनाशी झाली.

एका शेजाऱ्याने सल्ला दिला की ओट्यावर डांबराच्या गोळ्या ठेवा. सुदैवाने तसे करण्यापूर्वी मी पशुवैद्यांना विचारले. त्यांनी हातच जोडले. या गोळ्या मांजराला विषारी असतात, आणि वासाची तीव्र तेलेही त्याला बाधू शकतात. श्रोत्यांपैकी कोणी हा उपाय योजला असेल, तर त्याने तो आजच थांबवावा.

एम. ए. ला मानसशास्त्र हा माझा विषय होता. त्या पुस्तकांवरची धूळ झटकण्याची वेळ माझ्यावर एका मांजराने आणली. थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९८ साली आपला प्रसिद्ध प्रबंध लिहिला तो पुष्कळसा मांजरांच्याच आधारे. तो भुकेलेले मांजर लाकडी पट्ट्यांच्या पेटीत कोंडी आणि बाहेर मासा ठेवी. मांजर ओरबाडे, चावे, धडपडे. त्यात केव्हातरी दोरीच्या फासाला किंवा खिटीला पंजा लागून दार उघडे. पुन्हा पुन्हा कोंडल्यावर निरुपयोगी धडपड कमी कमी होत जाई आणि शेवटी मांजर थेट खिटीलाच हात घाली. ज्या कृतीमागून समाधान येते ती कृती पक्की होते, असा नियम त्याने यावरून बांधला. दुःख देणारी कृती तितकीच सुटत जाते, हा त्या नियमाचा दुसरा भाग. परंतु १९३० नंतरच्या वर्षांत, माणसांवरही प्रयोग केल्यावर, हा दुसरा भाग त्याने स्वतःच बराचसा मागे घेतला. बक्षिसाने शिकणे जितके होते, तितके शिक्षेने विसरणे होत नाही, असे त्याला आढळले. पाण्याच्या बाटलीला याहून मोठे उत्तर कोणते?

तरीही एक प्रश्न राहिलाच. मनीला ओट्यावर असे कोणते समाधान मिळत होते? याचे उत्तर मला पुस्तकाने नव्हे, आईने दिले. एका दुपारी मी हताश होऊन बसलो असताना ती गव्हातले खडे वेचता वेचता म्हणाली, "आपल्याकडे मांजरं अशी वर चढत नसत बघ. त्यांना माळा होता ना."

मी वाईचे घर डोळ्यांपुढे आणले. चूल जमिनीवर होती. ओटा नावाची वस्तूच स्वयंपाकघरात नव्हती. दूध-दही शिंक्यावर किंवा दुभत्याच्या जाळीच्या कपाटात. शिंके तुटले तर बोक्याचे फावते हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे शिंके तुटू नये याचीच काळजी घेत. बोक्याला उपदेश करीत बसत नसत. आणि मांजराला चढावयास काय नव्हते? माळा होता, फडताळाची माथी होती, आढे होते, उन्हाने तापलेली कौले होती. थंडीत चुलीमागची ऊबदार जागा होती. त्या घरात मांजराची जागा कोणी नेमून दिली नव्हती, कारण ती आपोआपच होती. माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या सरकारी निवासात मनीला उंच, उबदार आणि सर्वांवर नजर राहील अशा जागा तीनच: ओटा, जेवणाचे टेबल आणि देव्हाऱ्याची फळी. त्या तिन्ही आम्ही तिला मना केल्या होत्या.

उंची ही मांजराची चैन नसून गरज आहे. ते स्वतः शिकारी असले, तरी आकाराने लहान असल्यामुळे मोठ्या प्राण्यांचे भक्ष्यही होऊ शकते. उंचावरून त्याला निर्भयपणे पाहता येते. उबेचेही तसेच. घरातल्या मांजराचे मूळ उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशिया येथील रानमांजरात आहे. तीस अंशांहून अधिक उष्णता, जी आपल्याला घाम आणते, तीच त्याला सुखाची वाटते. मग दिल्लीच्या जानेवारीत शेगडीचा शेजार त्याला का आवडणार नाही?

हे कळल्यावर पुढचे काम कठीण नव्हते. केवळ चिकाटीचे होते. प्रथम आम्ही कायदे कमी केले. सोफा, खुर्च्या, पलंग यांच्यावरचा हक्क सोडला. मनाई फक्त वरच्या तीन जागांपुरती ठेवली. दुसरे, ओट्यावर मिळणारा लाभ बंद केला. दूध, साय, कणीक झाकून आत. भांडी लगेच घासलेली. ओटा साबणाच्या पाण्याने पुसलेला. गळणारा नळ दुरुस्त, कारण मांजराला थेंबथेंब पाण्याचे मोठे आकर्षण असते. येथे एक धोका आहे. दहा दिवस काही मिळाले नाही आणि अकराव्या दिवशी सायीचे बोट मिळाले, तर मांजर अधिकच चिवटपणे येत राहते. कधीतरीच लागणारा डाव जुगाऱ्याला जसा अड्ड्याकडे ओढतो, तसेच हे.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पर्यायी जागा. स्वयंपाकघराच्या दाराशी, ओट्याहून उंच अशी एक रुंद फळी मी भिंतीत पक्की बसवली. ती डगमगता कामा नये. एकदा हलली तर मांजर पुन्हा तिच्यावर विश्वास टाकत नाही. तेथून स्वयंपाक दिसतो, आणि खिडकीचे ऊनही पडते. खाली एक स्टूल ठेवले. मनी फळीवर चढली की त्याच क्षणी तिच्या कोरड्या खाद्याचा एक दाणा तिला द्यावयाचा. क्षणभराचाही उशीर चालत नाही. दाणा कशाबद्दल मिळाला हेच मग तिला उमगत नाही. ओट्यावर चढली, तर बोलावयाचे नाही, रागवावयाचे नाही. उचलून खाली ठेवावयाचे आणि फळीवर गेली की दाणा द्यावयाचा. आम्ही घरात नसतानाच्या वेळेसाठी ओट्याच्या काठाला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी काही दिवस लावली. पायाला चिकटणारी जागा मांजराला अजिबात आवडत नाही. आणि पट्टी माझ्यासारखी कचेरीत जात नाही.

सोफ्याचा हक्क दिला होता, तरी त्याचे हात ओरबाडून निघाले होते. त्यासाठी मांजराला पूर्ण ताणून उभे राहता येईल एवढा एक लाकडी खांब काथ्याच्या दोराने गुंडाळून सोफ्याशेजारीच उभा केला. मांजराची ओरबाडण्याची सवय मोडता येत नाही. नखांची जुनी आवरणे त्यामुळे निघतात आणि पंजातल्या ग्रंथींचा वास मागे ठेवून ते आपली हद्दही आखते. आपण फक्त दुसरा पृष्ठभाग देऊ शकतो.

शेवटची अडचण मांजराची नव्हती. ती माणसांची होती. मी टेबलावरून उतरवत होतो आणि मुलगी रात्री अभ्यास करताना तिला टेबलावरच्या दिव्याखाली घेऊन बसत होती. एकाच कार्यालयातून परस्परविरुद्ध परिपत्रके निघाली, तर खालच्या माणसाने कोणते पाळावे? मुलीची समजूत घालण्यास जितके दिवस लागले, तितके मनीला शिकण्यास लागले नाहीत.

महिना भरला तेव्हा मनी सकाळ-संध्याकाळ आपल्या फळीवर बसू लागली होती. हा संपूर्ण विजय आहे असे मी म्हणणार नाही. रात्री सगळे निजल्यावर ती काय करते, हे एकदा पोळपाटाशी सांडलेल्या पिठात उमटलेल्या पावलांनी सांगितले. म्हणून सकाळी ओटा धुतल्यावाचून आमच्याकडे चूल पेटत नाही, आणि तापलेल्या शेगडीवर जाळीचे झाकण असते.

या महिन्यात मी घरापुरतेच शिकलो असे नाही. रस्त्याकडेचे बसणारे हटवावेत अशी टिपणे मी नोकरीत अनेकदा लिहिली आहेत. ते हटतात, आणि साहेबांची गाडी वळली की परत येतात. आम्ही त्याला हट्ट म्हणत आलो. आता तसे टिपण समोर आले की, 'मग यांनी बसावे कोठे?' असा एक प्रश्न मी समासात लिहितो. त्याचे उत्तर दर वेळी मिळतेच असे नाही.

मुदत संपली त्या दिवशी आई काहीच बोलली नाही. मीही विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीतून आलो तो फळीवर जुन्या लुगड्याची चौपदरी गोधडी घातलेली. मी आईकडे पाहिले. ती सुईत दोरा ओवीत होती. मान वर न करता म्हणाली, "लाकूड गार लागतं रे थंडीत. म्हणून ती शेगडीकडे जायची."