शंभर जागा, तरी महापौर दुसऱ्यांचा

मी व्हाइटफील्डला राहतो. इथल्या मराठी मित्रांना विचारलं, ‘तुमचा नगरसेवक कोण?’, की ते हसतात. गोष्ट २०१५ ची आहे. २२ ऑगस्टला बेंगळुरू महापालिकेचं मतदान झालं, २५ ला निकाल लागला. जागा १९८. भाजपला १००, काँग्रेसला ७६, जेडीएसला १४, बाकी ८ अपक्ष आणि इतर. झालं की बहुमत! पण महापौर झाले काँग्रेसचे मंजुनाथ रेड्डी. कारण तेव्हा इथे महापौर निवडताना शहरातले आमदार, खासदारही मत द्यायचे. आपल्याकडे पुण्यात ते काम फक्त नगरसेवकांचं. मला तरी पुण्याची पद्धत बरी वाटते. गटारासाठी ज्याला धरायचं, त्याच्याच हातात मत असावं.

पण धरायचं कुणाला? त्या सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. मग प्रभागरचना, आरक्षण, कोर्टकचेऱ्या. कारभार प्रशासकाकडे. पाच वर्षं निवडणूक झालीच नाही आणि सप्टेंबर २०२५ मध्ये एका महापालिकेच्या पाच झाल्या. व्हाइटफील्ड आता पूर्व महापालिकेत.

आपल्यातले कितीतरी जण दहा वर्षं इथे घरपट्टी भरतात, पाण्याचे टँकर मागवतात आणि नाव मात्र गावच्या यादीत! नाव दोन्हीकडे ठेवता येत नाही. ते इथे आणायचं तर फॉर्म ८ भरा. भाड्याने राहत असाल तर नोंदणी केलेला भाडेकरार चालतो.