पेटी, पूर आणि वाचक
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



महाड-पोलादपूर भागात ग्रंथालयाचे काम करताना आम्हांस जे अनुभव आले ते सांगावेत, अशी संस्थेची आज्ञा झाली. आम्ही व्याख्याते नव्हे. पुस्तक देणे, परत घेणे व नोंद करणे एवढे आमचे काम. तेव्हा बोलण्यात नोंदवहीचा रुक्षपणा आला तर सांभाळून घ्यावे.

सार्वजनिक जागा सर्वांस खुल्या करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळाने केला. महाडच्या नगरपालिकेने त्याप्रमाणे तळे खुले केले. तरी २० मार्च १९२७ पर्यंत आपल्यापैकी कोणास चवदार तळ्याचे पाणी घेता आले नाही, आणि त्या दिवशी ते घेतल्याबद्दल लोकांनी मार खाल्ला. त्या संगराशी आमच्या कामाची बरोबरी करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु ग्रंथालयाच्या दारावर ‘सर्वांसाठी खुले’ अशी पाटी असताना पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतील एकही बाई वर्षभरात उंबरठा ओलांडत नाही, हे नोंदवहीत दिसले तेव्हा तो ठराव आठवल्यावाचून राहिला नाही. कोणी अडविले नव्हते. पण दिवस मोडून, एस.टी.चे भाडे भरून गोष्टीच्या पुस्तकासाठी महाडला कोण येणार?

म्हणून पेटी. ही कल्पना आमची नव्हे. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून आपल्या संस्थानात ग्रंथालये उभी केली, व पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी धाडल्या. त्याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, हे आपण सारे जाणताच. डॉ. रंगनाथन यांच्या प्रेरणेने १९३१ साली मन्नारगुडीस ग्रंथालय चक्क बैलगाडीतून हिंडू लागले. नाशिकहून २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेच्या पेट्या निघू लागल्या. आम्ही फक्त एक पत्र्याची ट्रंक रंगविली आणि वस्तीच्या गाडीच्या टपावर चढविली.

पहिली पेटी फसली, हे प्रांजळपणे सांगतो. आम्ही तीत भरले वैचारिक ग्रंथ, जाडजूड चरित्रे व दोन शब्दकोश. महिन्याने पेटी आली तेव्हा वरचा कागददेखील हलला नव्हता. एका आजीने मात्र निरोप धाडला की, पुस्तके चांगली असतील बाबा, पण अक्षर मुंगीएवढे आहे. दुसऱ्या खेपेस मोठ्या टाइपाची पुस्तके, लहान मुलांच्या गोष्टी, आजारपण आणि शेतीवरची पुस्तके घातली.

खरा मार्ग सापडला तो वर्षावासात. आषाढी पौर्णिमेपासून वस्त्यावस्त्यांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे सायंकाळी वाचन होते. मंडळी आपसूक जमतात. बहुतेक तरुण मुंबईस, ज्येष्ठांची नजर अधू. म्हणून एका वाडीत आठवीतली मुलगी वाचू लागली. वाचन आटोपले की तिच्याच हातून पेटी उघडावयाची, असे आम्ही ठरविले. त्या वर्षी पेटीतील पुस्तकांचे कोपरे दुमडून आले. नियमाने आम्ही रागवावयास हवे होते, पण आनंदच झाला.

मग २२ जुलै २०२१. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. त्या दुःखापुढे आमच्या नुकसानीचे काय सांगावे? सावित्रीचे पाणी ओसरल्यावर दार ढकलले तो आत चिखल, आणि खालच्या तीन फळ्यांवरची पुस्तके फुगून एकमेकांत रुतलेली. घाईने आम्ही ती उघडून पुसू लागलो, हीच चूक झाली. चिखल पानापानांत शिरला. पुस्तक मिटलेले ठेवूनच स्वच्छ पाण्यात धुवावे, मग पानांत कोरा कागद घालून तो वरचेवर बदलावा, उन्हात टाकू नये, आणि हे सारे दोन दिवसांत करावे, नाहीतर बुरशी धरते, हे पुढे कळले. गुळगुळीत चित्रांची पाने एकदा चिकटून वाळली की संपलीच.

हे पाहून शेजारची एक बाई ओल्या कागदांची पिशवी घेऊन आली. शाळेचा दाखला, जातीचा दाखला, सासऱ्यांचा एकुलता एक फोटो. दुसऱ्या दिवशी आणखी दहा-बाराजण आले. वीज नव्हती, दोऱ्या बांधून, चिमटे लावून आम्ही रात्रंदिवस कागद वाळविले. जी माणसे कधी पुस्तक मागावयास आली नव्हती ती ग्रंथालयात प्रथम आली ती अशी. कित्येकांचा दाखला वाचला. दोघांचे फोटो मात्र आमच्या हातून गेले.

विद्यार्थी मित्रांनो, आपण अभ्यासिकेत येता, स्वतःचे गाईड उघडता व जाता. येथल्याच रावढळच्या गोपाळबाबा वलंगकरांविषयी किंवा दासगावच्या आर. बी. मोरे यांच्याविषयी एखादे पुस्तक मागितलेत तर आम्ही शिडी लावून काढून देऊ. शिडी अशासाठी की, आता सगळी मांडणी पुराच्या खुणेच्या वर आहे.

येत्या वर्षावासासाठी चार पेट्या तयार आहेत. वाड्या सात आहेत. पेटी बदलण्याकरिता दर रविवारी वर जाणारी तीन मुले-मुली हवी आहेत. नावे नोंदविण्याची वही व्यासपीठाच्या उजव्या बाजूस ठेवली आहे.

जय भीम.